डोक्याची मागची बाजू

सलूनवाल्याला सगळा बाजार होयबा म्हणायचा आणि त्याला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. त्याच्या मते ती शिवी नव्हती, धंद्याची रीत होती. गिऱ्हाईक मान मागे टाकून बसलेलं, गळ्यावर साबणाचा फेस, आणि आपल्या हातात वस्तरा. अशा माणसाशी वाद घालायचा नसतो. बापाने त्याला वस्तरा धरायला नंतर शिकवलं, 'हो' म्हणायला आधी. खुर्चीतला म्हणाला यंदा उकाडा फार, तर हो. पुढचा म्हणाला यंदा उकाडा कसला तो, तर त्यालाही हो. सकाळी एकाची री ओढायची, दुपारी त्याच्या वैऱ्याची. दोघंही खूश आणि दोघांच्याही दाढ्या गुळगुळीत.

दुकानाची दुसरी रीत म्हणजे छोटा आरसा. केस कापून झाले, मानेवरचे बारके केस ब्रशने झाडले, की तो भिंतीवरचा गोल आरसा काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या मागे धरायचा, म्हणजे समोरच्या मोठ्या आरशात त्याला स्वतःच्या डोक्याची मागची बाजू दिसावी. मग विचारायचं, "बघा, ठीक आहे?" इतक्या वर्षांत एकानेही नाही म्हटलं नव्हतं. मागे पायऱ्या पडलेल्या असोत की कोपरा निसटलेला असो, माणूस मान डोलवायचा आणि उठायचा. कापलेले केस काही परत चिकटवता येत नाहीत, मग कशाला तोंड वाईट करायचं? थोडक्यात, त्या दुकानात दोन्ही बाजूंनी होच चालायचं.

अशा माणसाच्या पोटी टकळी जन्माला आली. नाव आत्याने ठेवलेलं, होयबाच्या थोरल्या बहिणीने, आणि ते चपखल बसलं होतं. पोरगी उठल्यापासून झोपेपर्यंत अखंड बोलायची. बापाच्या घरात जेवढे हो होते तेवढे सगळे 'नाही' तिने एकटीने भरून काढले होते. दूध नाही, वेणी नाही, पाहुण्यांसमोर कविता तर मुळीच नाही. बापाला अरेतुरे करायची, आणि त्याला पकडण्याचा तिचा एक ठरलेला खेळ होता. तो कोणाच्या तरी दाढीत गुंग असताना दारात उभी राहून सहज विचारायची, "ए बाबा, उद्या सूर्याला सुट्टी आहे ना?" तो न ऐकताच म्हणायचा, "हो हो." मग ती टाळी पिटायची. "फसलास!" गिऱ्हाईक हसायचं, तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फसायचा. कधी खरंच, कधी मुद्दाम.

आणि मग एके दिवशी शाळेच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरत येताना तिचा हात सुटला आणि ती डोक्याच्या मागच्या बाजूवर, खालच्या फरशीवर आपटली. कोणी ढकललं नव्हतं. सगळीच पोरं घसरायची, हीच पडली. डोक्यात रक्त साचलं, कवटी उघडावी लागली, आणि कितीतरी आठवडे ती नळ्यांच्या जंजाळात नुसती पडून होती. डॉक्टर म्हणाले, जगेल. होयबा म्हणाला, हो. डॉक्टर म्हणाले, डोळे उघडेल. होयबा म्हणाला, हो. दोन्ही खरं झालं. पुढे काय होईल असं बायकोने विचारल्यावर मात्र डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, मेंदूचं काही सांगता येत नाही. त्यावर काय म्हणायचं हे होयबाला कळेना, म्हणून तो यालाही हो म्हणाला.

घरी परत आली ती कोण होती, हे त्याला सांगता आलं नसतं. नाक टकळीचंच होतं, गालावरचा तीळही तिचाच. पण ही मुलगी मुकाट्याने दूध प्यायची. बोलायची ते एकेक शब्द खोल विहिरीतून काढल्यासारखं, आणि कधी पोहरा रिकामाच वर यायचा. किल्लीला चमचा म्हणायची. चप्पल फ्रिजमध्ये ठेवून शांतपणे दार लावायची. आत्याचं बोट विळीवर कापलं तर खदखदा हसली, आणि टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या तर तिचे डोळे भरून आले. डॉक्टरांना अरेतुरे करायची आणि बापाला अहोजाहो. "तुम्ही दुकानात चाललात का?" असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, कोणी पाहुणे आलेत की काय म्हणून.

त्याचं डोकं चालेनासं झालं. आपल्याला कोणाची आठवण येतेय, समोर बसलेल्या मुलीची? तिला जवळ घेतलं की जी आठवायची ती दुसरीच होती, आणि मग जवळ घेतलेलीला फसवल्यासारखं वाटायचं. दुकानात त्याने एका गिऱ्हाइकाचा एकच कल्ला कापला, दुसरा तसाच ठेवला, आणि मागे आरसा धरून विचारलं, "बघा, ठीक आहे?" गिऱ्हाईक मान डोलावून निघून गेलं.

आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. तरुण होत्या, कायम सर्दी झालेली, दोन वाक्यांमध्ये एकदा नाक पुसायच्या. टकळीला त्या चित्रं दाखवायच्या आणि टकळी त्यांना काहीबाही सांगायची. एकदा टकळी म्हणाली की आमच्या घरी घोडा होता, तो गॅलरीत बांधायचो. आत्याने कपाळावर हात मारला.

"खोटं नाही बोलत ती," बाई म्हणाल्या. "आठवणीत भोकं पडली आहेत. मेंदूला भोक सहन होत नाही, जे हाताला लागेल ते तो त्यात कोंबतो. तिला स्वतःला ते खरंच वाटतं. म्हणून तुम्ही सगळ्यांनी तिला खरं काय ते सांगायचं. आणि सगळ्यांनी एकच सांगायचं."

इथेच घोडं अडलं. कारण त्या घरात एकच असं काही नव्हतं.

टकळीने विचारलं, "मी कुठे झोपायचे?"

"आमच्या खोलीत, माझ्या कुशीत," आई म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि समोरच्याला काय नीट दिसतंय हे ठरवायची तिला सवय होती.

"काहीतरीच," आत्या म्हणाली. "माझ्याकडे झोपायची. गोष्ट ऐकल्याशिवाय डोळा मिटायची नाही."

"वन्सं, ती तुमच्याकडे झोपायची ते फक्त मी आजारी असताना."

"मग तू बरीच आजारी असायचीस गं."

खरी गोष्ट अशी की टकळी दोघींकडे झोपायची, ज्या दिवशी जिच्याशी भांडण नसेल तिच्याकडे. पण आता दोघींनाही आपापली टकळी परत हवी होती, आणि ती मिळवायला हीच वेळ होती. आई सांगायची, तुला गणित आवडायचं. आत्या सांगायची, तू कधी उलट बोलायची नाहीस. ऐकणाऱ्याला वाटावं की घरात एक आदर्श बालिका नांदत होती आणि ती हरवली आहे. टकळी एकीकडून दुसरीकडे बघायची, तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि मग ती बापाकडे वळायची.

"बाबा, कोण खरं?"

"दोघी खऱ्या," होयबा म्हणायचा.

बाईंनी नाक पुसलं आणि सुचवलं की घरात कोणा एकाचाच शब्द अखेरचा असावा. एकच माणूस ठरवा. तिला शंका आली की ती त्याच्याकडे जाईल, आणि तो सांगेल ते बाकीचे मानतील.

आईला वन्सं चालणार नव्हत्या, वन्संना भावजय. बाहेरचं कोणी आणायचा प्रश्नच नव्हता. मग दोघींनी, बऱ्याच दिवसांनी एका सुरात, होयबाचं नाव घेतलं. दोघींच्या मनात एकच हिशेब होता: हा काय, आपण म्हणू त्याला हो म्हणेल. घरात दोन शहाणी माणसं असताना न्यायाधीश म्हणून होयबाला बसवायचं, हे त्याच घराला सुचू जाणे. आणि होयबाला विचारल्यावर तो काय म्हणणार होता?

"हो," तो म्हणाला.

झालं. टकळीने न्यायासन मनापासून मानलं. ती आता आईचं, आत्याचं ऐकून घ्यायची, काही बोलायची नाही, आणि तो दुकानातून आला की दाराशीच विचारायची.

"बाबा, मला पोहता येतं?"

"हो."

"मी वर्गात पहिली यायचे?"

"हो हो."

"मला दूध आवडायचं?"

इथे तो चपला काढता काढता थांबला. दुधाच्या पेल्यावरून त्या घरात झालेली युद्धं त्याला डोळ्यांसमोर दिसली. पण पलीकडून बायको पाहत होती, हातात पेला होता, आणि पोरीच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं. "खूप," तो म्हणाला.

प्रत्येक होनंतर तिच्या कपाळावरची आठी सुटायची, तेवढ्यापुरती. ते बघायला त्याला फार बरं वाटायचं. पोरीच्या डोक्यात इतका अंधार आहे, तिथे आपण एकेक दिवा लावतोय, असं तो स्वतःला सांगायचा.

एक दिवस ती हात मागे नेऊन डोकं चाचपत बसली होती. केस वाढले होते, पण एकसारखे नाहीत. एका बाजूला खांद्यापर्यंत, जिथे शस्त्रक्रियेसाठी भादरले होते तिथे चार बोटं. उजव्या कानामागून वर भोवऱ्यापर्यंत टाक्यांची वाट गेली होती आणि तिच्यावर केस उगवत नव्हते. आई ते सगळं रुमालाने बांधून ठेवायची.

"हे काय आहे?" टकळीने विचारलं. "इथे रस्ता आहे."

"भांग आहे, भांग," आई घाईघाईने म्हणाली. "मागून पाडलाय."

टकळी त्याच्याकडे वळली. आईसुद्धा. होयबाने उभं आयुष्य लोकांचे भांग पाडले होते, आणि कानामागून वळण घेत जाणारा भांग त्याने कुठे पाहिला नव्हता. "हो," तो म्हणाला. "नवीन पद्धत आहे."

पडल्याचं तर तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ताप आला होता, एवढंच. बाई म्हणाल्या होत्या की सांगा, तिला कळू दे आपल्याला काय झालंय. आई म्हणाली, जरा बरी होऊ दे, मग सांगू. बाई पुढच्या वेळी पुन्हा म्हणाल्या. आईचे डोळे लाल झाले आणि तिने चहा टाकला. होयबाने बाईंना हो म्हटलं आणि बायकोलाही हो म्हटलं.

मग ती सकाळ आली. टकळीने आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, "मी शाळेत एकटी जायचे ना?" त्याने पेपरातून मान वर न करता हो म्हटलं होतं. तिला कधीच कोणी एकटं सोडलं नव्हतं. वाटेत मोठा चौक होता, कधी आई सोडायची, कधी तो. सकाळी आई आंघोळीला गेली, आत्या दूध आणायला खाली उतरली, आणि टकळीने पूर्वीचा, आता लोंबणारा गणवेश चढवला, दप्तर म्हणून आत्याची भाजीची पिशवी घेतली, आणि दार नीट ओढून घेऊन निघून गेली. दिवस रविवारचा होता.

तिला शोधायला होयबा दुकान उघडंच टाकून धावला. मोठ्या चौकात गाड्या दोन्हीकडून धावत होत्या आणि त्याला प्रत्येक गाडीच्या पलीकडे निळा गणवेश दिसत होता. आईच्या ओल्या केसांतून पाणी गळत होतं. आत्या ज्याला त्याला विचारत सुटली होती. शेवटी ती सापडली चौकाच्या पलीकडे, टायरवाल्याच्या दुकानात, एकावर एक रचलेल्या टायरांवर बसलेली. चौक तिने कसा ओलांडला ते कोणालाच कळलं नाही. टायरवाल्याने तिला पाण्याचा पेला दिला होता आणि तो पेचात पडला होता, कारण ती त्याला तिसऱ्यांदा सांगत होती की ती इथे शिकते.

"अहो, हिला एकटीला सोडता कसे?" टायरवाला म्हणाला.

"मी एकटीच जाते," टकळी म्हणाली. "रोज. बाबांना विचारा." आणि तिने होयबाकडे पाहिलं, सगळ्यांच्या मध्ये, अखेरचा शब्द ज्याचा त्याच्याकडे. "बाबा, सांगा ना यांना."

आणि होयबाच्या तोंडून, चाळीस वर्षांच्या सवयीने, निघून गेलं, "हो."

टायरवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. बायकोने पाहिलं. ते पाहणं त्याला वस्तऱ्याच्या पात्यासारखं लागलं. तिने पोरीचा हात धरला आणि घराकडे चालू लागली. वाटेत एवढंच म्हणाली, "तुम्ही केसाने गळा कापता हो. आणि गळा कोणाचा आहे ते तरी बघा."

त्याला म्हणता आलं असतं की भांग तू पाडलास, ताप तू आणलास. पण वाद घालणं त्याला येतच नव्हतं, आणि शिवाय तिचं खरं होतं.

त्या दिवसापासून टकळीने विचारणं सोडलं. कोणी सांगितलं नव्हतं सोडायला. तिला त्या टायरांवर बसल्या बसल्या काहीतरी कळलं होतं, पण काय कळलं ते तिला मांडता येत नव्हतं. सगळे म्हणतात ही शाळा नाही, बाबा म्हणतात हो. मग चूक कोणाची, बाबांची का आपल्या डोक्याची? तिने बहुधा आपल्या डोक्याची धरली. ती खिडकीशी बसून राहायची, बाईंच्या चित्रांना उत्तर द्यायची नाही. बाई जाताना होयबाला म्हणाल्या, "भिंतीला हात लावून चालतो ना आपण अंधारात? भिंतच हलायला लागली तर माणूस जागेवर बसून राहतो." त्याने हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्या पोरीची भिंत आपण होतो हे त्याला तेव्हा कळलं, आणि तो दुकानाच्या मागच्या मोरीत जाऊन रडला. गिऱ्हाईक बाहेर फेस वाळवत बसलं होतं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो शटर अर्धं वर करून हत्यारांना तेल देत होता. आत्या टकळीला घेऊन बाजारात आली होती. तिला म्हणे चप्पल शिवायची होती, तोवर हिला बसवून घे. टकळी दारात उभी राहिली, पूर्वी उभी राहायची तिथेच. मग आत आली, खुर्चीत बसली, आणि डोक्यावरचा रुमाल ओढून काढला.

"केस कापा," ती म्हणाली. "टोचतात."

आईने सक्त सांगितलं होतं की केसांना हात लावायचा नाही. लांब आहेत तोवर झाकलं जाईल. होयबा कंगवा हातात घेऊन उभा राहिला. आईला हो म्हटलं होतं. आता खुर्चीतलं गिऱ्हाईक सांगत होतं. त्याने कापड झटकलं आणि तिच्या गळ्याभोवती बांधलं.

हे डोकं त्याच्या हाताला जन्मापासून ओळखीचं होतं. पहिलं जावळ त्यानेच काढलं होतं. आता बोटं टाळूवरून मागे नेली की मध्येच एक अनोळखी खळगा लागायचा, आणि त्याचा हात तिथे दचकायचा. तो लांब बाजू कापू लागला, लहान बाजूच्या मापाने. केस कापडावर पडत राहिले. समोरच्या आरशात दोघंही एकमेकांना दिसत होते आणि दोघंही कात्रीकडे बघत होते.

"बाबा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माझे केस पूर्वी निळे होते ना?"

कानामागची नाजूक जागा होती, त्याचं सगळं ध्यान तिथे होतं. "हो हो," तो म्हणाला.

कात्री थांबली ती त्याने थांबवली म्हणून नव्हे. आरशातली मुलगी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा, डावा, हळूहळू वर चढत होता. उजवा अजून चढत नसे.

"फसलात," ती म्हणाली.

होयबाच्या हातातून कंगवा पडला. तो उचलायला खाली वाकला आणि तिथेच जरा वेळ राहिला, कारण वर आला असता तर तिला त्याचा चेहरा दिसला असता. होती. ती आत कुठेतरी होती. का हे नुसतं तोंडाला आलेलं जुनं वाक्य होतं, घोड्यासारखं? त्याला काही उमगेना. वर आला तेव्हा तिचं हसू मावळलं होतं आणि कपाळावर ती आठी आली होती.

"तुम्ही सगळ्याला हो म्हणता," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून काढत होती. "मला... नीट सांगा. मी पहिल्यासारखी आहे?"

'हो' त्याच्या जिभेच्या टोकावर तयारच होता, तो तिथे राहायलाच होता. आणि गंमत बघा, आत्ताच पहिल्यांदा तो थोडासा खराही होता. होयबा पुरता गोंधळला. इतके दिवस खोटा हो बिनदिक्कत निघत होता, आणि आज अर्धा खरा आहे तर जीभ रेटेना.

"नाही," तो म्हणाला.

दुकानात तो शब्द इतका परका वाटला की त्याने स्वतःच इकडेतिकडे पाहिलं. "नाहीस. वेगळी झालीस. पण आत्ता जरा होतीस. निळ्या केसांच्या वेळी."

त्याने उरलेले केस कापले, मान ब्रशने झाडली. आणि मग हातांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. भिंतीवरचा गोल आरसा खाली आला. मागे धरण्याआधी तो थबकला. बायकोचे लाल डोळे आठवले. पण गिऱ्हाइकाला मागची बाजू न दाखवता उठवायचं नाही, ही रीत बापाची होती, त्याच्याही बापाची होती. त्याने आरसा धरला.

"बघ," तो म्हणाला. "ठीक आहे?"

टकळीने पाहिलं. तिने मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे. आखूड केसांमधून ती वाट लख्ख दिसत होती, गुलाबी, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या बारक्या खुणा.

"नाही," ती म्हणाली. "ठीक नाही."

इतक्या वर्षांत तो आरसा पाहून असं कोणी म्हणालं नव्हतं.

"भांग नाही हा."

"नाही."

"ताप?"

"ताप पण नाही. तू शाळेत कठड्यावरून घसरत होतीस. हात सुटला. इथे लागलं. डोक्याच्या आत रक्त झालं, म्हणून डॉक्टरांनी उघडून काढलं आणि परत शिवलं. म्हणून शब्द सापडत नाहीत. तू मठ्ठ नाहीस. तुला लागलंय."

त्याने एवढं एका दमात सांगितलं, आरसा तसाच धरून. हात भरून आला होता. तिने आपला हात मागे नेला आणि आरशात बघत बघत बोट त्या वाटेवरून फिरवलं, कानापासून भोवऱ्यापर्यंत, आणि परत. मग तिचे डोळे भरले. या वेळी योग्य जागी भरले, हे होयबाच्या लक्षात आलं, आणि त्याचेही भरले.

"दूध?" तिने नाक ओढत विचारलं.

"अजिबात आवडायचं नाही. ओतून द्यायचीस. कुंडीत."

"मला वाटलंच," टकळी म्हणाली. मग म्हणाली, "आईला नको सांगू या. तिला वाईट वाटेल. तिच्यासमोर भांगच म्हणू."

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही," त्याने सांगितलं, आणि हा दुसरा 'नाही' पहिल्यापेक्षा जड गेला, कारण आता घरी जाऊन तो निस्तरायचा होता. "आईला मी सांगतो. ती रडेल. रडू दे."

बाहेर आत्याचा आवाज आला, चप्पलवाल्याशी टाके कसे घालावेत यावर तिचा वाद चालला होता. टकळीने कापडाखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले.

"बाबा, मी बरी होणार?"

त्याने आरशातल्या तिच्याकडे पाहिलं. मग आरशातलं सोडून, पुढे येऊन, खुर्चीसमोर उकिडवा बसला आणि खऱ्या तिच्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर तिने आत्ताच पकडलं होतं. नाही म्हणायला तो काही देव नव्हता. चष्मा पुसणारे ते डॉक्टर त्याला आठवले, आणि त्यांचा तेव्हा आलेला राग विरून गेला.

"माहीत नाही," होयबा म्हणाला. "खरंच माहीत नाही गं."

तिच्या कपाळावरची आठी सुटली. तिने मान डोलावली, गिऱ्हाइकं डोलवतात तशी नाही, हळू, दोनदा.

"मला पण माहीत नाही," ती म्हणाली. मग कानावरून हात फिरवत म्हणाली, "इकडे जास्त राहिलेत. कापा अजून."

त्याने उठून पाहिलं. डाव्या बाजूला खरंच जास्त राहिले होते.